मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमधली टेक कॉन्फरन्स: तीन दिवस कसे आखायचे

प्रश्न थोडक्यात असा: कंपनी पहिल्यांदाच तीन दिवसांच्या एका मोठ्या टेक कॉन्फरन्सला पाठवते आहे. एकाच वेळी वीस-पंचवीस सेशन्स चालणार, प्रदर्शनाचा हॉल वेगळा, दोन वर्कशॉप्सची नोंदणी झालेली, आणि परतल्यावर अहवाल द्यायचा. तयारी कुठून सुरू करावी, काय बघावं आणि काय सोडावं?

आधी एक निवड पक्की करा. जे नंतर घरी बसून बघता येतं, त्यावर तिथले तास घालवू नका. बहुतेक मोठ्या कॉन्फरन्समध्ये मुख्य व्याख्यानं आणि मोठ्या खोल्यांमधली सेशन्स रेकॉर्ड होऊन काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, बघायला मिळतात. वर्कशॉप, फळ्यापाशी होणाऱ्या छोट्या चर्चा, एकाच विषयावर काम करणाऱ्यांची गोलमेज बैठक, प्रॉडक्ट बनवणाऱ्या इंजिनीअरशी समोरासमोर बोलणं हे रेकॉर्ड होत नाही. पुढचं सगळं नियोजन याच गोष्टीभोवती करायचं.

सेशन्सची यादी जाहीर झाली की प्रत्येक सेशनसाठी तीन गोष्टी बघा: रेकॉर्डिंग होणार का, पातळी कोणती, आणि खोली कुठे. पातळी बऱ्याचदा आकड्यात दिलेली असते. १०० म्हणजे तोंडओळख, २०० म्हणजे थोडी माहिती असलेल्यांसाठी, ३०० म्हणजे त्यावर प्रत्यक्ष काम केलेल्यांसाठी, ४०० म्हणजे अगदी खोलात जाणारं. ज्या विषयावर रोज काम करता, त्याचं २०० चं सेशन घेऊ नका; त्यातलं बहुतेक सगळं आधीच माहीत असतं. उलट ज्या विषयाची ओळखच नाही, त्याच्या ४०० मध्ये बसलात तर दहा मिनिटांनी धागा सुटतो. वर्णनात वक्त्याचं पद बघा. ‘आम्ही हे कसं चालवलं’ असं सांगणारा, ते प्रॉडक्ट वापरणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर असेल, तर काय फसलं तेही ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त असते. मार्केटिंगमधला वक्ता आणि नव्या प्रॉडक्टचं नाव असलेलं शीर्षक, हे सेशन रेकॉर्डिंगवर सोडून द्या.

खोली कुठे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये नॉर्थ, साउथ आणि वेस्ट अशा तीन इमारती आहेत आणि वेस्ट रस्त्यापलीकडे आहे. बार्सिलोनाच्या फिरा ग्रान व्हिआमध्ये आठ हॉल आहेत. लास वेगासच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये एका हॉलमधून दुसऱ्यात जायला २०२१ पासून जमिनीखालच्या बोगद्यातून गाड्या धावतात. अंतरं किती असतील ते यावरूनच कळतं. त्याच शहरात भरणारी अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसची ‘री:इन्व्हेंट’ तर अनेक हॉटेलांमध्ये विखुरलेली असते. हिशोब असा करा. मोकळ्या जागेत माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरला १० मिनिटं. सेशन्स सुटल्यावरच्या गर्दीत वेग ताशी ३ किलोमीटरवर येतो, तेच अंतर १६ मिनिटांचं होतं. त्यात सरकत्या जिन्यापाशी तुंबलेली रांग, बॅज तपासणी आणि स्वच्छतागृह धरा. वेळापत्रकात ‘मध्ये ३० मिनिटं’ दिसतात, तेव्हा हातात उरतात जेमतेम पाच-सात.

म्हणून शीर्षकं बघून यादी केली की लगेच नकाशा उघडा आणि अर्धा दिवस एकाच इमारतीत, शक्यतो एकाच मजल्यावर राहील अशी मांडणी करा. सकाळ एका बाजूला, दुपार दुसऱ्या बाजूला. दिवसाला एकच मोठी फेरी. दोन आवडीची सेशन्स दोन टोकांना असतील तर त्यातलं रेकॉर्ड होणारं सोडा. दिवसाला चारपेक्षा जास्त सेशन्स धरू नका; पाचव्यात डोकं काही घेत नाही. दोन सेशन्सनंतर एक जागा मुद्दाम रिकामी ठेवा. ती भरण्याची इच्छा होईल, भरू नका. वक्त्याशी लांबलेलं बोलणं, टिपणं नीट करणं, अचानक ठरलेली भेट हे सगळं त्याच रिकाम्या जागेत होतं.

जागा आरक्षित करण्याची सोय असेल तर ती ज्या मिनिटाला उघडते, त्या मिनिटाला यादी तयार हवी. आधी वर्कशॉप्स आणि छोट्या खोल्या घ्या, कारण त्यांत पन्नास-साठ खुर्च्या असतात आणि त्या आधी भरतात. आरक्षण म्हणजे खुर्ची कायमची तुमची असं नाही. बऱ्याच ठिकाणी सेशन सुरू होण्याच्या साधारण १० मिनिटं आधी न आलेल्यांच्या जागा बाहेरच्या रांगेतल्यांना देतात. त्यामुळे आरक्षण असेल तर १५ मिनिटं आधी पोचा, नसेल तर २५-३० मिनिटं आधी रांगेत उभे राहा. हा नियम तुमच्या बाजूनेही चालतो. आणखी एक बारकावा: पहिल्या दिवशीच्या मुख्य भाषणात नव्या घोषणा होतात आणि त्यानंतर त्या विषयांची नवी सेशन्स यादीत येतात. तोवर ती लपवलेली असतात. भाषण संपल्यावर लगेच कॉन्फरन्सच्या अ‍ॅपमध्ये ‘नवीन’ बघा, कारण बाकीचे लोक अजून दाराकडे चालत असतात.

मुख्य भाषणासाठी तासभर रांगेत उभं राहून मोठ्या हॉलमध्ये बसणं ऐच्छिक समजा. तिथेही दिसतो तो पडदाच. बाजूच्या खोल्यांमध्ये थेट प्रक्षेपण असतं, तिथे टेबल असतं, प्लग असतो, टिपणं काढता येतात.

आता वर्कशॉप. इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात, आणि अडकण्याची कारणं जवळजवळ ठरलेली असतात. पहिलं कारण नेटवर्क. एका हॉलमध्ये ५०० माणसं आणि प्रत्येकाकडे दोन-तीन उपकरणं म्हणजे हजार-दीड हजार रेडिओ एकाच हवेत बोलतात. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११, आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. त्यात पन्नास जणांनी आपापला हॉटस्पॉट सुरू केला की तो पट्टा संपलाच. लॅपटॉप ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर जोडा, आणि नेट संथ झालं म्हणून हॉटस्पॉट लावू नका. त्याने शेजाऱ्यांचं आणि तुमचं दोघांचंही बिघडतं.

नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी शंभर जणांनी एकाच मिनिटाला दोन-दोन जीबी उतरवायला घेतले तर ते कोणालाच पुरत नाही. म्हणून वर्कशॉपची पूर्वतयारीची मेल आली की ती आदल्या रात्री हॉटेलवर नको, निघण्याआधी ऑफिसात किंवा घरी पूर्ण करा. कोड क्लोन करा (त्याची प्रत लॅपटॉपवर घ्या), कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) उतरवा, पॅकेजेस (लागणारे तयार सॉफ्टवेअर-संच) एकदा इन्स्टॉल करून बघा, डिस्कवर किमान २० जीबी मोकळी ठेवा. लॅपटॉपचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा असेल आणि इमेज फक्त एक्स८६ या दुसऱ्या प्रकारासाठी बनवलेली असेल, तर कंटेनर सुरूच होत नाही किंवा अतिशय संथ चालतो. हे घरीच कळलं तर दुसरी इमेज शोधायला वेळ मिळतो.

दुसरं कारण कंपनीचा लॅपटॉप. सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) कायम चालू असतं, आणि सुरक्षा सॉफ्टवेअर एन्क्रिप्टेड रहदारी उघडून तपासत असल्यामुळे पॅकेज मॅनेजर (पॅकेजेस उतरवणारा प्रोग्राम) ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून थांबतो. हे आयटी विभागाकडून सोडवून घ्यायला तीन-चार दिवस लागू शकतात, तेव्हा किमान दोन आठवडे आधी विचारा. क्लाउड खातं लागणार असेल तर कामाचं खातं वापरू नका. वेगळं चाचणी खातं घ्या, त्यावर खर्चाची सूचना लावा आणि वर्कशॉप संपल्यावर तयार केलेली सगळी संसाधनं काढून टाका. चालू राहिलेला एक डेटाबेस महिनाभर बिल वाढवत राहतो.

तिसरं कारण लॉगिन. एसएमएसने येणारा ओटीपी परदेशात रोमिंगवर किंवा मोबाइल टॉवरवर गर्दी असताना उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. दुसऱ्या टप्प्याचं लॉगिन ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर आणा. तो कोड फोनच्या घड्याळावरून तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र फोनची वेळ आपोआप जुळण्याची सेटिंग चालू हवी. राखीव कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

वाय-फायचं लॉगिन पान उघडत नसेल तर बहुतेक वेळा व्हीपीएन किंवा फोनमधला खासगी डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधण्याची वेगळी सेटिंग) आड येत असतो. दोन्ही बंद करा, पान उघडा, जोडणी झाली की व्हीपीएन पुन्हा चालू करा. नेटवर्कचं नाव बॅजवर किंवा अधिकृत अ‍ॅपमध्ये दिलेलं असतं, अक्षर न् अक्षर तेच बघा. त्यासारख्याच नावाचं बनावट नेटवर्क उभं करणं अगदी सोपं आहे, म्हणून ‘आपोआप जोडा’ बंद ठेवा. फुकट मिळालेला पेनड्राइव्ह कामाच्या लॅपटॉपला लावू नका.

बॅटरीचं गणित एकदा समजून घ्या. ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकमध्ये ३७ वॉट-तास. रूपांतरात काही वाया जाऊन हाती येतात तीस-एकतीस. म्हणजे फोन दीडदा भरतो, दोनदा नाही. हॉलमध्ये सिग्नल क्षीण असला की फोन जास्त जोर लावतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते, त्यामुळे एक दिवसासाठी १०,००० पुरते, लॅपटॉपही भरायचा असेल तर २०,००० ची घ्या. विमानात पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची असते, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, २७,००० म्हणजे जवळजवळ बरोबर १००. वॉट-तासांचा आकडा पॉवर बँकेवर छापलेला असावा. पुसट झाला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

बाकी बॅगेत थोडंच ठेवा: दोन यूएसबी-सी तोंडांचा ६५ वॉटचा चार्जर, दोन मीटरची केबल (प्लग भिंतीत असतो आणि खुर्ची लांब), त्या देशाच्या प्लगचा अडॅप्टर, रिकामी पाण्याची बाटली, पातळ जॅकेट. जॅकेट विसरू नका. खोल्यांचं वातानुकूलन भरलेल्या खोलीच्या हिशोबाने लावलेलं असतं, अर्धी खोली रिकामी असली की चांगलीच थंडी वाजते. बूट नवे नकोत. दिवसाला १५ ते २० हजार पावलं होतात, म्हणजे दहा ते चौदा किलोमीटर, तेही काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ गालिच्यावरून. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. फोड येतो तो घाम आणि घर्षण एकत्र आल्यामुळे. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, लोकरीचा किंवा खेळाडूंचा मोजा बरा. टाचेला चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे पट्टी लावा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

जेवणाची रांग १२ ते १ मध्ये सर्वांत लांब असते. साडेअकराला किंवा सव्वा वाजता जा. पथ्य असेल तर नोंदणीच्या अर्जातच लिहा, ऐन वेळी सोय होणं कठीण. हात साबणाने धुवा; पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या जेलचा फारसा परिणाम होत नाही.

बॅज आदल्या दिवशी संध्याकाळीच घ्या. पहिल्या सकाळी नोंदणीची रांग मुख्य भाषणाचा वेळ खाते. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं पाहिजे. बॅजचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका, त्यावरचा क्यूआर कोड फोटोतूनही स्कॅन होतो. आणि प्रदर्शनात कोणी बॅज स्कॅन केला की नोंदणीत दिलेली तुमची मेल, अनेकदा फोन नंबरही, त्या कंपनीकडे जातो. याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, तो तिथला व्यवहारच आहे. पण नोंदणी करताना वेगळा मेल पत्ता दिला तर पुढचे सहा महिने सोपे जातात.

प्रदर्शनाचा हॉल बहुतेक जण भेटवस्तूंची फेरी म्हणून बघतात, आणि तिथेच त्याची किंमत वाया जाते. एरवी ज्या प्रॉडक्ट इंजिनीअरपर्यंत पोचायला तिकीट (तक्रारीची नोंद) टाकून आठवडाभर थांबावं लागतं, तो तिथे समोर उभा असतो. पहिल्या दिवशी हॉल उघडल्याबरोबर किंवा सेशन्स ऐन भरात असताना जा; मधल्या सुट्टीत स्टॉलवर श्वास घ्यायला जागा नसते. शेवटच्या दिवशी दुपारनंतर मंडळी स्टॉल आवरायला लागलेली असतात. स्टॉलवर पहिल्यांदा भेटेल तो बहुधा विक्री विभागातला असेल. त्याला सरळ सांगा, ‘आम्ही हे आधीपासून वापरतो, एक तांत्रिक अडचण आहे, इंजिनीअर कोणी आहे का?’ नसेल तर ते कधी येणार हे विचारून त्या वेळी परत या.

इंजिनीअरपुढे चार प्रश्न ठेवा. हे आज सगळ्यांना मिळतं की अजून प्रीव्ह्यूमध्ये (चाचणीच्या टप्प्यात) आहे? किंमत कशावर मोजता: वापरकर्ते, डेटा, की विनंत्यांची संख्या? हे बंद पडतं तेव्हा नेमकं काय दिसतं, आणि आमच्या सिस्टिमचं काय होतं? आणि सोडायचं ठरवलं तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळतो? चौथ्या प्रश्नाचं उत्तर जिथे गुळमुळीत येतं, तिथे थांबून पुन्हा विचारा. डेमो बघताना त्यांच्या नमुन्यातल्या डेटाऐवजी तुमच्या परिस्थितीचा एक विचित्र प्रसंग सांगा: रिकामी फाइल, दुप्पट आलेली नोंद, तुटलेलं नेटवर्क. आपल्या कंपनीची कोणती माहिती बाहेर बोलायची नाही, हे मात्र निघण्याआधीच मॅनेजरशी ठरवून घ्या. रांगेत, लिफ्टमध्ये, विमानतळावर आजूबाजूला स्पर्धक असू शकतात.

माणसांना भेटण्याबद्दल. ओळख दोन वाक्यांत: काय करता आणि सध्या कोणत्या अडचणीवर काम चालू आहे. पद आणि कंपनीपेक्षा अडचण सांगितल्याने संभाषण पुढे सरकतं, कारण समोरच्यालाही तीच अडचण असू शकते. घोळक्यात उभं राहताना वर्तुळ पूर्ण बंद करू नये, एका माणसाची जागा उघडी ठेवावी. व्हिडिओ गेममधल्या तोंड उघडलेल्या पॅक-मॅनसारखा हा आकार, म्हणून याला ‘पॅक-मॅन नियम’ म्हणतात; सॉफ्टवेअर डेव्हलपर एरिक होल्शर यांनी तो मांडला. पहिल्यांदा आलेल्यांनी असं उघडं वर्तुळ शोधायचं आणि निःसंकोच त्यात उभं राहायचं. वक्त्याला प्रश्न विचारायचा असेल तर माइकवर वीस सेकंदांत, एकच प्रश्न. तुमच्या सिस्टिमबद्दलचा लांब प्रश्न सेशननंतरसाठी ठेवा. पुढच्या वक्त्याला मंच लागतो म्हणून हा वक्ता दाराबाहेर येतो, तिथे थांबा.

भेट ठरवताना जागा नेमकी सांगा. ‘नोंदणी कक्षापाशी’ म्हटलं तर मोठ्या ठिकाणी नोंदणी कक्ष तीन-चार असतात. मजला, हॉलचा क्रमांक, दाराचं अक्षर हे तिन्ही लिहा, आणि मेसेज पोचणार नाही असं धरूनच चला. काही कॉन्फरन्समध्ये बॅजच्या पट्टीचा रंग फोटो काढलेला चालतो की नाही ते सांगतो. पहिल्याच दिवशी त्याचा अर्थ बघून घ्या.

टिपणांसाठी प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत बसू नका, स्लाइड्स नंतर मिळतात. आकृती गुंतागुंतीची असेल तेवढाच फोटो. प्रत्येक सेशननंतर दारातून बाहेर पडून पाच मिनिटांत तीन ओळी लिहा: दावा काय होता, कोणत्या परिस्थितीत तो खरा ठरला (किती सर्व्हर, किती डेटा, किती माणसांची टीम), आणि आपल्याकडे काय करून बघायचं. मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण परतल्यावर टीमचा पहिला प्रश्न तोच असतो. वेगळ्या टाइम झोनमध्ये असाल तर फोन आणि लॅपटॉप दोन्हींची वेळ स्थानिक करा, नाहीतर फोटो आणि टिपणं जुळवताना गोंधळ होतो. कोणाचं कार्ड घेतलं की तेव्हाच त्यावर एक शब्द लिहा: कशाबद्दल बोललो.

शेवटच्या दिवशी सामान जमा करायच्या खोलीची बंद होण्याची वेळ सकाळीच बघा, आणि विमान कॉन्फरन्स संपल्यावर लगेचचं घेऊ नका. हजारो माणसं एकाच तासात टॅक्सी शोधतात. भेटलेल्या माणसांना मेल दोन दिवसांच्या आत पाठवा, प्रत्येकाला वेगळी, ज्याबद्दल बोलणं झालं त्याच्या एका ओळीसह. अहवाल आठवड्याच्या आत, दोन पानांपेक्षा मोठा नको. वर तीन गोष्टी ज्या करून बघायच्या, प्रत्येकीपुढे कोण आणि कधीपर्यंत; त्याखाली ज्या करायच्या नाहीत असं ठरलं त्या, कारणासकट; आणि सगळ्यात खाली टीमने बघावीत अशी चार-पाच रेकॉर्डिंग्ज, कोणत्या मिनिटापासून बघायचं त्यासह.